जुनी चामडी पर्स : घरच्या घरी स्वच्छता आणि दुरुस्ती

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ अशी म्हण ज्या मुलखाबद्दल पडली, त्या अमरावती-अकोल्याच्या जुन्या घरांत कापसाच्या सुबत्तेच्या खुणा अजूनही सापडतात. सागवानी कपाटे, पितळी डबे, वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या चामडी बॅगा आणि त्यांच्याच शेजारी, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली आजीची किंवा आत्याची पर्स. दिवाळीच्या आवरासावरीत ट्रंक उघडली जाते, पर्स बाहेर येते आणि ती पुन्हा वापरावी असा मोह होतो. काही जण अशा पर्स मुंबईच्या चोरबाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून हौसेने विकत आणतात.

पर्स हाती आली की आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या असतात. साबणाच्या पाण्याने पुसणे, गच्चीवर उन्हात टाकणे आणि खोबरेल तेल चोळणे. या तिन्ही उपायांमागे माया असते. पण जुने चामडे वयाने जितके बिघडत नाही तितके या उपायांनी बिघडते. आणि एकदा आकसलेले किंवा तडकलेले चामडे पूर्वपदावर येत नाही. म्हणून काय करावे यापेक्षा काय करू नये, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

चामडे म्हणजे काय?

चामडे म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. कच्चे कातडे ओले राहिल्यास कुजते व वाळल्यास लाकडासारखे कडक होते. ते कमावले की टिकाऊ आणि लवचीक होते. आपल्याकडील पारंपरिक पद्धत वनस्पतींची. बाभळीची व तरवडाची साल आणि मेळघाटच्या जंगलातही आढळणारा हिरडा यांतील टॅनिन या कामी येते. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच जातीचे. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले आणि विसाव्या शतकात ती जगभर रूढ झाली.

हा फरक घरी काम करणाऱ्यालाही माहीत असावा. क्रोमने कमावलेले चामडे उकळत्या पाण्याच्या जवळपासचे तापमानही सोसते. वनस्पतींनी कमावलेले ओले चामडे मात्र साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसू लागते आणि जुने, झिजलेले चामडे त्याहूनही आधी. शिवाय तंतूंमध्ये मुरवलेले स्निग्ध द्रव्य त्यांना एकमेकांवरून सरकू देते. ते उडून गेले की पर्स दुमडताच चामड्याला भेग पडते.

पूर्वी विहिरीवरची चामड्याची मोट रोज पाण्यात बुडे, मग पर्सला पाण्याचे भय कसले, असा प्रश्न कोणी विचारील. मोट जाड, बिनरंगाची आणि बिनअस्तराची असे आणि झिजली की बदलली जाई. पर्सचे चामडे पातळ असते, त्यावर रंग असतो, आत पुठ्ठा, सरस आणि कापड असते. पाणी या सर्वांना वेगवेगळ्या रीतीने ओढते व पर्स वेडीवाकडी होते.

आधी ओळख, मग उपचार

प्रथम पर्स रिकामी करावी. आतल्या कप्प्यातील जुनी बिले, तिकिटे, चिठ्ठ्या फेकू नयेत. पर्सचे वय सांगणारा पुरावा बहुधा तोच असतो. त्यानंतर चांगल्या उजेडात पुढील गोष्टी तपासाव्यात.

कड किंवा आतली बाजू पाहावी. तेथे तंतू दिसले तर चामडे खरे. विणलेले कापड दिसले आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटत असेल, तर ते रेक्झिन किंवा तत्सम कृत्रिम चामडे होय. त्याचा सुटणारा थर कोणत्याही तेलाने वा मलमाने पुन्हा चिकटत नाही. अशा पर्सवर पैसे खर्च करू नयेत.

तळाशी, कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो तसाच राहिला तर वर रंगाचा संरक्षक थर आहे असे समजावे. लगेच शोषला जाऊन डाग गडद झाला, तर चामडे उघडे आहे व त्याला ओला हात जपूनच लावावा. त्याच जागी किंचित ओलसर पांढरे फडके फिरवून पाहावे. फडक्याला रंग लागला तर ओली स्वच्छता करूच नये. अनेक मराठी घरांत असलेल्या शांतिनिकेतनच्या ठसेदार, बाटिक नक्षीच्या पर्स या वर्गात मोडतात. त्यांना कोरडा मऊ ब्रश पुरे.

हाताला तांबूस भुकटी लागत असेल तर तो ‘रेड रॉट’ नावाचा विकार समजावा. वनस्पतींनी कमावलेल्या फार जुन्या चामड्यात हवेतील गंधकाच्या वायूंमुळे आम्ल साठते व तंतूच तुटत जातात. त्यावर पाणी लावल्यास चामडे काळे पडून कडक होते. तेलानेही ते सुधारत नाही. अशी पर्स वापरण्याचा विचार सोडून ती मऊ कापडात गुंडाळून जपावी.

पर्स साप, घोरपड किंवा मगरीच्या कातड्याची असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर कडक निर्बंध आहेत. जुन्या बाजारात स्वस्त मिळाली म्हणून ती घेऊ नये.

स्वच्छता

सुरुवात कोरड्या कामाने करावी. अस्तर शक्य असेल तर बाहेर ओढावे, शिवणीतला कचरा मऊ ब्रशाने झटकावा. बाहेरील धूळ केसाळ ब्रशाने एकाच दिशेने काढावी. धूळ न काढता ओले फडके फिरवल्यास चिखल होऊन तो रंध्रांत बसतो.

पाण्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पर्सलाच पुढची पायरी लागू होते. चामडे किंचित आम्लधर्मी असते, तर अंगाचा वा कपड्यांचा साबण आणि खाण्याचा सोडा अल्कधर्मी. म्हणून चामड्यासाठी मिळणारे सौम्य क्लीनर वापरावे. सुती फडके त्यात भिजवून घट्ट पिळावे व लहान लहान भाग पुसत जावे. लगेच साध्या ओलसर आणि मग कोरड्या फडक्याने पुसावे. मूठ आणि पट्टा येथे हाताच्या तेलाचा काळा थर असतो. तो एका बैठकीत काढण्याचा हट्ट धरू नये. खरवडल्यास त्याखालचा रंगही जातो.

पेनच्या शाईच्या डागावर नेलपॉलिश रिमूव्हर किंवा सॅनिटायझर लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दोन्ही द्रव्ये शाईबरोबर रंगाचा थरही विरघळवतात व डागाच्या जागी पांढरा चट्टा उरतो. जुना शाईचा डाग पर्सच्या इतिहासाचा भाग मानून सोडून देणे श्रेयस्कर.

धुतलेली वा पुसलेली पर्स पंख्याखाली, सावलीत वाळवावी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा गच्चीवरची फरशी आणि बंद मोटारीतील जागा त्याहून कितीतरी तापते. तेथे ठेवलेली ओलसर पर्स एका दुपारीत आकसू शकते.

कुबट वासासाठी अस्तरावर अत्तर मारू नये. वाटीत सोडा किंवा कोळशाची भुकटी घेऊन ती पर्ससह झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस ठेवावी. भुकटी चामड्याला लागू देऊ नये.

बुरशी की चरबी?

पावसाळ्यानंतर पर्सवर पांढरट थर दिसला की सर्वांना बुरशी वाटते. पण चामड्यातील स्निग्ध द्रव्य वर येऊन गोठल्यानेही तसाच थर येतो. परीक्षा सोपी आहे. हेअर ड्रायरची कोमट हवा दुरून काही क्षण सोडावी. थर विरघळून दिसेनासा झाला तर ती चरबी. कोरड्या मऊ फडक्याने पुसून टाकावी. तसाच राहिला आणि कुबट वासही असला तर बुरशी.

बुरशी घरात झटकू नये. तिचे बीजाणू इतर कपड्यांवर बसतात आणि दम्याच्या रुग्णांना त्रासदायक ठरतात. नाकावर मास्क लावून गॅलरीत किंवा अंगणात मऊ ब्रशाने ती काढावी व ब्रश लगेच धुवावा. रंगाचा थर पक्का असेल तरच, लपलेल्या जागी आधी पडताळून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेले फडके एकदा हलकेच फिरवावे. त्यानंतर पर्स एक-दोन दिवस वाऱ्यावर ठेवावी.

तेलाचा मोह

वऱ्हाड व त्याच्या आसपासचा प्रदेश तेलबियांचा. जवस, करडई, सरकी ही नावे घरोघरची. पण स्वयंपाकघरातील तेल पर्सवर नको. जवसाचे तेल हवेत वाळून कडक पापुद्रा धरते. तैलरंगात ते याच गुणासाठी वापरतात. करडई आणि सरकीचे तेल कालांतराने चिकट व खवट होते. खोबरेल तेल हिवाळ्यात बाटलीत गोठते हे सर्वांना ठाऊक आहे. चामड्यातही तसेच घडते आणि मग पांढरा थर उमटतो. शिवाय तेल सगळीकडे सारखे मुरत नाही, त्यामुळे काळपट डाग पडतात.

लॅनोलिन म्हणजे लोकरीची चरबी, मधमाश्यांचे मेण किंवा गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढलेले तेल यांवर आधारलेले लेदर कंडिशनर योग्य. वाटाण्याएवढे घेऊन फडक्यावर पसरावे आणि पर्सवर पातळ हात द्यावा. एक दिवस थांबून उरलेले पुसावे. चामडे अजून कोरडे वाटले तरच दुसरा हात. फार तडकलेल्या जागेला कंडिशनर लावल्याने भेग बुजत नाही. ती वाढणे मात्र लांबते. नुबुक वा स्वेड, म्हणजे मखमली पृष्ठाच्या चामड्याला कोणतेही तेलकट द्रव्य लावू नये.

बक्कल, शिवण आणि रंग

पितळी बक्कल चामड्याला टेकते तेथे हिरवे मेणचट किटण साचते. तांबे आणि चामड्यातील स्निग्धाम्ले यांच्या संयोगातून ते बनते. लाकडी दातकोरण्याने ते उचलावे व कोरड्या कापडाने पुसावे. चिंच किंवा पितळेची पावडर वापरायचीच असेल तर बकलाखाली कागद सरकवून चामडे झाकावे. पितळ उजळले व भोवती पांढरा डाग पडला, असे होऊ नये. अडकणाऱ्या चेनवर मेणबत्ती किंवा शिसपेन्सिल घासावी.

शिवण उसवली असल्यास मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुयांनी, जुन्याच छिद्रांतून टाका घालावा. मशीनने नवी छिद्रे पाडल्यास टपाल तिकिटाच्या कडेप्रमाणे चामडे त्या रेषेवर फाटते. झटपट चिकटणारा गोंद टाळावा. तो काचेसारखा कडक होतो व त्याच्या कडेला नवी भेग पडते.

उडालेल्या रंगासाठी बुटाचे पॉलिश हा सोयीचा, पण चुकीचा मार्ग आहे. बूट जमिनीवर असतो. पर्स पांढऱ्या कुर्त्याला किंवा रेशमी साडीला घासते. चामड्यासाठीचा ॲक्रिलिक रंग कडांना व कोपऱ्यांना स्पंजने पातळ थरांत लावावा. सबंध पर्स रंगवू नये. वापराने आलेली झळाळी एकदा झाकली की परत मिळत नाही.

पट्टा तुटला असेल, मुठीचा आधार सुटला असेल किंवा पुठ्ठा मोडला असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून कसबी चर्मकाराकडे जावे. आरी आणि रापी हाती धरून वर्षानुवर्षे चामडे ओळखणारा कारागीर ज्या जागी भार येतो ती जागा अचूक सांगतो. जुनेच छिद्र आणि जुनाच बक्कल वापरण्याची विनंती करावी व त्याच्या वेळेचे मोल न खळखळता द्यावे.

वऱ्हाडातले वर्ष

आपल्या हवामानात पर्सला दोन शत्रू आहेत आणि ते पाठोपाठ येतात. मार्चपासून कोरडा उन्हाळा चामड्यातील ओल ओढून घेतो. त्याच काळात घरात कूलर सुरू होतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी दमट हवा नेमकी कपाटावर येत असेल, तर बाहेर रखरखाट असूनही आत बुरशी धरते. म्हणून पर्सचे कपाट कूलरच्या झोतात नसावे. कंडिशनरचा हात फेब्रुवारीत, उन्हाळ्याआधी द्यावा.

जून ते सप्टेंबर आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. पर्स प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही बंद करू नये. धुतलेल्या मांजरपाटाच्या किंवा मलमलीच्या पिशवीत ठेवावी. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व रंग बदलताच त्या बदलाव्यात. दर पंधरवड्याला, उघडीप पडेल तेव्हा, पर्स बाहेर काढून वारा द्यावा. डांबराच्या गोळ्या टाळाव्यात. त्यांचा वास अस्तरातून जाता जात नाही.

आकार टिकावा म्हणून आत कोरा पांढरा कागद किंवा धुतलेले सुती कापड भरावे. वर्तमानपत्राचा कागद, अर्थात हे वर्तमानपत्रही, त्यासाठी वापरू नये. छपाईची शाई अस्तराला लागते. पट्ट्याला धरून खुंटीवर टांगण्यापेक्षा पर्स फळीवर उभी ठेवावी.

शेवटी एक लहान काम राहते. कोऱ्या कागदावर पर्स कोणाची, साधारण कोणत्या काळातली, केव्हा स्वच्छ केली आणि तिला काय लावले, हे लिहून ती चिठ्ठी आतल्या कप्प्यात ठेवावी. पंचवीस वर्षांनी ती ट्रंक उघडणाऱ्याला पहिला थेंब लावण्यापूर्वी हीच माहिती हवी असेल.