बसऱ्याला गेलेला शिपाई

पहिल्या महायुद्धातल्या मराठी शिपायाचा माग काढणाऱ्या कुटुंबाजवळ सुरुवातीला बहुधा एकच वाक्य असते: पणजोबांचा धाकटा भाऊ बसऱ्याला गेला आणि परतला नाही. हे वाक्य बहुतेक वेळा खरे निघते. १९१४ नंतर मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला आणि बसरा हे त्यांचे उतरण्याचे बंदर होते. पण या वाक्यापासून माणसापर्यंत पोचणे सोपे नाही. लष्कराच्या कागदांत शिपाई नंबराने आणि पलटणीने ओळखला जाई, गावच्या कागदांत बापाच्या नावाने आणि जमिनीच्या तुकड्याने. दोन्ही दप्तरांत समान असते ते गाव आणि तालुका, म्हणून शोधाची सगळी भिस्त त्यावरच असते.

गावातला सर्वांत ठळक पुरावा म्हणजे संगमरवरी पाटी. युद्ध संपल्यावर सरकारने जिथून भरती झाली अशा अनेक गावांत या पाट्या बसवल्या. चावडी, शाळा किंवा देवळाच्या भिंतीत त्या अजून सापडतात. मजकूर ठरावीक: या गावातून इतके जण युद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. नाव एकाचेही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण या युद्धात पडल्याचे सांगितले जाते आणि आज गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ असे घेतले जाते. पाटीवरचा आकडा शोधकाला दिशा देतो, माणूस देत नाही.

घरात पदक उरले असेल तर निम्मे काम झाले. ब्रिटिश वॉर मेडल या चांदीच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. अडचण एवढीच की चांदी म्हणून त्याला किंमत होती; कित्येक पदके दुष्काळात मोडीत गेली किंवा त्यांचे दागिने झाले. मजूर तुकड्यांतल्या माणसांना हेच पदक कांस्याचे मिळाले. तेव्हा घरातले पदक तांबूस दिसत असेल, तर माणूस बंदूकधारी शिपाई नसून मजूर तुकडीत असण्याचा संभव अधिक.

पलटणीचे नाव कळले तरी घोटाळा संपत नाही. १९२२ च्या फेररचनेत जुने क्रमांक गेले. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी ‘पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री’च्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या; ११४ वी दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन झाली. त्यामुळे ‘आजोबा पाचवीत होते’ या कौटुंबिक आठवणीचे तीन अर्थ निघतात: पाचवी रेजिमेंट, तिची पाचवी बटालियन, किंवा ‘काळी पाचवी’. ही काळी पाचवी प्रत्यक्षात दुसरी बटालियन, जुनी १०५ वी. या एका शब्दापायी शोध भलत्याच रणांगणावर जाऊ शकतो.

पलटण १०३, ११० किंवा ११७ असेल तर कुत-अल-अमाराचा वेढा आधी पाहावा. या तिन्ही सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्या कुतमध्ये अडकल्या. अखेरीस घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली आणि शरणागती झाली. त्यानंतर शिपायांना वाळवंटातून पायी नेण्यात आले आणि पुष्कळांना रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. या वाटेवर गेलेल्याची कबर शोधणे बहुधा व्यर्थ असते.

अशांची नोंद बसरा स्मारकाच्या यादीत मिळते. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४०,५०० हून अधिक जणांचे हे स्मारक; १९९७ मध्ये ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले. त्याच्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या शिपायांचे मात्र पलटणवार आकडे. गावच्या पाटीवर जे झाले तेच इथेही झाले. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने या भेदाची जाहीर कबुली देऊन माफी मागितली. नावे कमिशनच्या यादीत होती आणि आता ती संगणकावर शोधता येतात. बऱ्याच नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो.

ही यादी वाचताना दोन गोष्टींचे भान हवे. स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून असे. मोरे, शिंदे, जाधव ही नावे अनेक रूपांत येतात आणि पुष्कळदा आडनावच नसते. दुसरे, जिल्हे तेव्हाचे आहेत. सिंधुदुर्गातले गाव रत्नागिरीखाली सापडेल, सांगलीकडचे साताऱ्याखाली, रायगडातले कुलाब्याखाली. कोल्हापूर, सावंतवाडी ही तर संस्थाने. पंजाबचे काम या मानाने सोपे आहे. तिथल्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या आणि त्यांतल्या सुमारे ३,२०,००० माणसांची माहिती २०२१ पासून खुली होऊ लागली.

अशा वह्या हाताशी नसल्याने मराठी शोधकाला महसुली दप्तर उघडावे लागते. परदेशी झालेला मृत्यू गावच्या जन्म-मृत्यू नोंदीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये असेलच असे नाही. पण मयताच्या नावे जमीन असेल तर वारस लावावाच लागे आणि त्याची नोंद फेरफारात, म्हणजे जमिनीवरच्या हक्कबदलांच्या वहीत होई. जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्याने जाणकार लागतो. वंशावळ जुळवायला त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात; कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी लोक पिढ्यांची नावे सांगतात. फेरफारातले बापाचे नाव कमिशनच्या यादीतल्या नावाशी जुळले, तर ओळख पक्की धरता येते. केवळ आडनाव जुळले म्हणून धरू नये. एका गावात एकाच आडनावाची घरे डझनांनी असतात.

पलटणीची रोजनिशी लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात मिळते. तिच्यात शिपायाचे नाव क्वचित येते, पण त्या दिवशी पलटण कुठे होती हे कळते. बसऱ्याच्या यादीत नाव न मिळालेला कोकणातला माणूस खलाशी असू शकतो. बोटींवर मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे मुंबईच्या १९१४-१९१८ स्मारकावर आहेत.

दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाचा माग सोपा जातो. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्यांचे नाव कॅसिनो स्मारकावर आहे. शौर्यपदक न मिळालेल्यांसाठी बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे नंबर, नाव आणि गाव देऊन विचारणा करता येते. घरात विधवेच्या पेन्शनचा कागद असेल तर त्यावरचा नंबर आधी उतरवून घ्यावा.