रेसकार्डावर नसलेले घोडे

२५ एप्रिलला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सुट्टी असते. ॲन्झॅक डे. १९१५ साली याच दिवशी त्यांचे सैनिक तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले आणि हजारोंनी परत आलेच नाहीत. त्यांची ही आठवण. पहाटे अंधारात स्मृतिसभा, बिगुल, शांतता. आणि दुपारी? चक्क घोड्यांच्या रेस! मेलबर्नच्या फ्लेमिंग्टनला, सिडनीच्या रँडविकला. आपल्याकडे श्रद्धांजलीच्या दिवशी कुणी रेसकोर्सला निघालं तर घरचे काय म्हणतील, विचारूच नका.

आदल्या दिवशी मोठे तबेले आपले कोणते घोडे धावणार ते सांगतात. फ्लेमिंग्टनला गेली अनेक वर्षं या दिवशी सेंट लेजर होते, तीन वर्षांच्या घोड्यांची, २८०० मीटर. मग चर्चा काय, तर याला एवढं अंतर झेपेल का? गेट आतलं मिळालंय की बाहेरचं? पाऊस झाला तर? पाठीवर वजन किती? एखाद-दोन किलोवरून सुद्धा घोळ चालतो.

आता जरा शंभर वर्षं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने सुमारे १ लाख ३६ हजार घोडे परदेशी पाठवले. यांना 'वेलर' म्हणत, न्यू साउथ वेल्सवरून पडलेलं नाव. अनेकांच्या अंगात रेसच्या घोड्यांचंच रक्त. पण वजन? स्वार, खोगीर, रायफल, काडतुसं, पाणी, चारा मिळून १२५-१३० किलोच्या आसपास! तेही सिनाईच्या वाळूत.

गंमत म्हणजे तिथेही रेस झाल्या. २१ मार्च १९१७ ला रफाला रीतसर मीटिंग भरली. शर्यतींची नावं बघा: 'प्रॉमिस्ड लँड स्टेक्स', 'जेरुसलेम स्करी'. जेरुसलेम तेव्हा तुर्कांच्याच ताब्यात होतं बरं का! पाचच दिवसांनी गाझावर पहिला हल्ला झाला. म्हणजे आज बक्षीस जिंकणारा घोडा पुढच्या आठवड्यात असेलच, याची खात्री नाही.

मग ३१ ऑक्टोबर १९१७, बीरशेबा. गावातल्या विहिरी ताब्यात घ्यायच्या होत्या आणि काही घोड्यांना दोन-दोन दिवस पाणी नव्हतं. संध्याकाळ होत आलेली. चौथ्या आणि बाराव्या लाइट हॉर्स रेजिमेंटचे सुमारे ८०० स्वार हातात संगिनी घेऊन थेट तुर्कांच्या खंदकांवर सुटले. तलवारी नव्हत्याच त्यांच्याकडे! खंदक ओलांडले, गाव पडलं, बहुतेक विहिरी शाबूत मिळाल्या.

आणि युद्ध संपल्यावर? घोडे घरी नेता येणार नव्हते. रोग येतील म्हणून क्वारंटाइनची अडचण, शिवाय जहाजांचा खर्च. शिल्लक १३ हजारांपैकी सुमारे ११ हजार विकले, म्हातारे-आजारी २ हजार बाद झाले. स्वारांनी आपापले घोडे स्वतः गोळी घालून मारले ही गोष्ट फार सांगितली जाते, पण सरसकट तसं झालं नाही. विकलेल्यांपैकी बहुतेक गेले कुठे माहितीये? हिंदुस्थानात, इथल्या ब्रिटिश फौजेत! आपल्याकडे वेलर आधीपासूनच येत होते. हे बिचारे गाझा-बीरशेबा करून आले, आणि पुन्हा ड्यूटीवर.

सगळ्यांत घरी परतला तो एकच. सँडी. जनरल ब्रिजेस यांचा घोडा. जनरल मे १९१५ मध्येच गॅलिपोलीला गोळी लागून गेले. सँडी १९१८ मध्ये मेलबर्नला पोचला, काही वर्षं कुरणात चरला. थकल्यावर १९२३ मध्ये त्याला शांतपणे मरण दिलं.

१ लाख ३६ हजारांत एक! हे कळल्यापासून स्मृतिदिनाला रेस हा प्रकार मला तितकासा विचित्र वाटत नाही. तो दिवस त्यांचाही आहेच की. फक्त आजच्या रेसकार्डावर प्रत्येक घोड्याचं नाव, आई-बाप, वजन, गेट सगळं छापलेलं असतं. आणि त्या लाखाहून जास्त घोड्यांपैकी बहुतेकांचं नाव त्यांचा स्वार सोडून कुणाला ठाऊकच नव्हतं.

असो. २५ एप्रिलला कुठल्या तबेल्याचा घोडा जिंकणार ते मला विचारू नका. पण रेस बघितलीत, तर सँडीची आठवण काढा.