धरण झालं, जमिनीचं काय?

शाळेच्या भूगोलात ‘देशाची साधनसंपत्ती’ नावाचा धडा असतो. काळी जमीन कापसाला चांगली, गाळाची जमीन भाताला चांगली. झरियात कोळसा, कोडर्म्यात अभ्रक, सिंहभूममध्ये लोखंड. पोरं पाठ करतात, मार्क मिळवतात. त्या धड्याखाली एक प्रश्न कधीच छापलेला नसतो : ही संपत्ती कुणाची? काळी जमीन कापसाला चांगली हे खरं, पण सातबाऱ्यावर ती कुणाच्या नावाने चांगली? कोळसा झरियात सापडतो, पण जमिनीच्या पोटात उतरून तो खणतो कोण? हा प्रश्न भूगोलाचा नाही. इतिहासाचा आहे, आणि आपल्या इतिहासाचा आहे.

आपले तरुण कार्यकर्ते महाडवर तासभर बोलतात. बोललंच पाहिजे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले आणि सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. पण त्याच माणसाच्या टेबलावर पुढे अख्ख्या देशाच्या नद्यांच्या फायली आल्या, हे किती जणांना सांगता येतं? अभ्यासवर्गात मी विचारतो तेव्हा पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. घटनेचे शिल्पकार एवढा एकच फोटो भिंतीला लावला की बाकीचे बाबासाहेब झाकून जातात. प्रस्थापितांना ते सोयीचंच आहे.

जुलै १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्यात नुसते मजूर नव्हते. खाणी होत्या, वीज होती, पाटबंधारे होते. १९४३ च्या पावसाळ्यात दामोदर नदीने बंगालात बांध फोडला. रेल्वे तुटली, ग्रँट ट्रंक रोड तुटला, कलकत्त्याचा उत्तरेशी संबंध तुटला. जपानशी युद्ध चालू, बंगालात माणसं भुकेने रस्त्यावर मरत होती, त्यात हा पूर. मग चौकशी समिती बसली. तिच्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. तेही खालच्या मानलेल्या जातीतले, कलकत्त्याच्या वसतिगृहात पंगतीला जात आडवी आलेली. समितीने सांगितलं, नुसते बांध उंच करून भागणार नाही. अमेरिकेत १९३३ पासून टेनेसी नदीच्या खोऱ्यात चाललंय तसं करा : अख्खं खोरं एक धरा आणि त्याच्यासाठी एकच महामंडळ नेमा.

३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात बंगाल, बिहार आणि केंद्र सरकारची बैठक झाली. अध्यक्ष बाबासाहेब. त्याच वर्षी एप्रिलात जलमार्ग, पाटबंधारे आणि जलवाहतूक यांचं केंद्रीय मंडळ उभं राहिलं. आजचा केंद्रीय जल आयोग त्याच्यातूनच आला. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकला ओरिसाच्या नद्यांवर बैठक झाली. तिथं बाबासाहेबांनी जे मांडलं ते मला फार मोठं वाटतं. तोवरचे साहेब लोक पुराकडे संकट म्हणूनच बघायचे : पाणी जास्त झालं, ते लवकर समुद्रात ढकला. बाबासाहेब म्हणाले, पाणी जास्त झालं म्हणून रडायचं कारण नाही, माणसाला जास्त पाण्यापेक्षा कमी पाण्याने जास्त सोसावं लागतं. ते अडवा, साठवा, त्याच्यावर शेती भिजवा, वीज काढा, होड्या चालवा. ज्याला घोटभर पाण्यासाठी झगडावं लागलं त्यालाच पाणी ही संपत्ती आहे हे आधी कळलं, यात मला नवल वाटत नाही. पुढच्याच मार्चमध्ये महानदीवर हिराकुडचा पाया घातला गेला.

यामागचा विचार मात्र १९४५ चा नाही. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या तुकडा-शेतीवर इंग्रजीत निबंध लिहिला. तेव्हाचे पंडित म्हणत होते, शेताचे तुकडे लहान झाले म्हणून शेतकरी गरीब. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा केला. तुकडा लहान की मोठा हे एकरावर ठरत नाही. त्या तुकड्यावर भांडवल किती, बैल-अवजारं किती, यावर ठरतं. एवढी माणसं जमिनीलाच लटकलीत कारण त्यांना दुसरं काम नाही. म्हणून शेतीचं औषध शेतीत नाही, कारखान्यात आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजधोरणाच्या समितीपुढे ते बोलले तेही याच धाग्याने. वीज स्वस्त आणि भरपूर पाहिजे, कारण विजेशिवाय कारखाने नाहीत, आणि कारखान्यांशिवाय गरिबीच्या चक्रातून सुटका नाही. आपल्या माणसाला याचा अर्थ जास्त लवकर कळतो. गावात पाटलाच्या वाड्याशिवाय दुसरं काम असेल तरच माणूस पाटलाला नाही म्हणू शकतो.

इथं एक पान आपण भाषणात गाळतो. मी गाळणार नाही. बाईने खाणीच्या पोटात उतरायचं नाही, ही बंदी १९३७ पर्यंत पुरी लागू झाली होती. युद्धात कोळसा कमी पडला आणि १९४३ साली सरकारने ती उठवली. मंत्री बाबासाहेब होते. टीका झाली, तेव्हा ही युद्धापुरती नड आहे असं त्यांनी सभागृहात सांगितलं. १९४४ ला कोळसा कामगारांचा कल्याण निधी झाला, फेब्रुवारी १९४६ ला बंदी परत आली. पण मधली ती वर्षं संथाळ आणि बाउरी बायांनी अंधारात टोपल्या वाहिल्या. देशाची साधनसंपत्ती म्हणतात ती अशी वर येते.

आता मुद्द्याची गोष्ट. बाबासाहेबांच्या योजनेला दोन पाय होते. एक पाय पाणी-विजेचा. दुसरा मार्च १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये आहे. मूळचे उद्योग सरकारच्या मालकीचे. शेती हाही सरकारी उद्योग. सगळी जमीन सरकारने ताब्यात घ्यायची, मालकाला रोखे द्यायचे आणि गावातल्या माणसांना जात-धर्म न बघता सामुदायिक शेतीसाठी ती वाटायची. पाणी, बैल, अवजारं, खत, बी सरकारने पुरवायचं. जमीनदार नको, कूळ नको आणि भूमिहीन मजूरही नको. आणि हे साध्या कायद्यात नाही, घटनेतच लिहा असं त्यांचं म्हणणं होतं. कारण साधा कायदा उद्याचं बहुमत पुसून टाकतं.

देशाने पहिला पाय घेतला, दुसरा तोडून ठेवला. दामोदर खोरे महामंडळ १९४८ ला झालं. तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथन १९५७, पंचेत १९५९. पंचेतचं उद्घाटन ६ डिसेंबरला होतं, बाबासाहेबांना जाऊन बरोबर तीन वर्षं झालेली. नेहरूंनी बटण दाबायला धरणावरच्या एका संथाळ मजूर पोरीला, बुधनी मेझानला पुढं केलं. तिने पाहुण्याला हार घातला म्हणून गावाने ठरवलं की हिचं लग्न लागलं, आता ही आपली नाही. धरणाने हजारो आदिवासींची जमीन गेली आणि या पोरीचं गावही गेलं. व्यासपीठावर मात्र दामोदरची फाईल कुणाच्या हातून गेली ते कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही.

घटनेत आलं ते ३९ (ब) : समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी सर्वांच्या हिताला पोचेल अशी वाटली जावी. पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्याच्यावर कोर्टात दाद मागता येत नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींवरून निघालेल्या खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता या कलमात बसत नाही. म्हणजे आहे ते कलमही थोडं आकसलं.

जमीन न वाटता पाणी वाटलं तर काय होतं ते बघायला दामोदरला जायला नको. आपल्याकडे पाटाचं पाणी माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळतं. ज्याला एकर नाही त्याला पाळी नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आई पाझर तलावाच्या कामावर होती. डोक्यावर मातीची पाटी, दुपारी सुकडी. वस्तीतल्या निम्म्या बाया त्याच बांधावर. तलाव भरला, खालच्या विहिरींना पाणी आलं. विहिरी कुणाच्या? ज्यांची जमीन त्यांच्या. त्यांच्या शेतात ऊस उभा राहिला आणि आमची माणसं त्याच उसात कोयता घेऊन गेली. महार वतनं १९५९ ला खालसा झाली तेव्हा वतनाचा तुकडा तरी आपल्या नावावर राहील असं वाटलं होतं. सारा भरता भरता आणि सावकाराला लिहून देता देता तोही कितीतरी घरांतून गेला. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर लाखो भूमिहीन तुरुंगात गेले, ते काय हौस म्हणून? आजही अनुसूचित जाती लोकसंख्येत १६.६ टक्के आणि कसत्या जमिनीत दहा टक्क्यांच्याही आत.

हे दुसऱ्या तऱ्हेने होऊ शकतं, हे याच महाराष्ट्रात दिसलंय. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत काढली. नियम असा, की पाणी माणशी अर्ध्या एकराचं, घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा. सांगली जिल्ह्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तिथंही भूमिहीनांचा हिस्सा धरला. ज्याच्याकडे पाण्याचा हक्क आहे तो जमीनवाल्याशी वाट्याने शेती करू शकतो. बांधावर उभं राहून रोज मागावा लागत नाही. सरकारी कालव्यावर ही रीत आलेली नाही. कारण उघड आहे, साखर कारखान्याचे संचालक कोण आहेत ते बघा.

पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा आणि गावावरून कालवा जात असेल तर पाणी घेणाऱ्यांची यादी आणावी. सातबारा आता ऑनलाइन निघतो. यादीसाठी पाटबंधारे शाखेत जावं लागेल, आणि तिथला माणूस आज नाही उद्या या म्हणेल. दोघा-तिघांनी मिळून जा, लेखी अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका.