हाकेला ओ देणाऱ्या मूर्ती
मृत्यूनंतरही शेतीचे कष्ट चुकत नाहीत, अशी प्राचीन इजिप्तमधील लोकांची श्रद्धा होती. ओसायरिसच्या राज्यात शेत कसणे, पाणी देणे, वाळू वाहणे यांसाठी मृताला हाक येई. राजाही त्यातून सुटत नसे. म्हणून थडग्यात ‘उशब्ती’ नावाच्या लहान मूर्ती ठेवीत. धन्याच्या नावाने पुकारा झाला की त्यांनी ओ द्यावयाची. उशब्ती म्हणजे ‘उत्तर देणारा’. १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात अशा ४१३ मूर्ती निघाल्या: दिवसाला एक याप्रमाणे ३६५ मजूर, त्यांच्यावर ३६ मुकादम आणि महिन्याला एक असे १२ वरिष्ठ. पुढील काळातील मुकादमांच्या हाती चाबूकही दिसतो. मरणाने सारे सारखे होतात म्हणतात. या थडग्यांत मात्र धनी, चाकर आणि चाबूक तिन्ही परलोकी गेले.