शिसं वितळवायचा इलेक्ट्रिक पॉट कसा निवडायचा? जाळ्याच्या गोळ्यांसाठी संपूर्ण माहिती

जालना जिल्ह्यातलं अंकुशनगर म्हटलं की आधी साखर कारखाना आठवतो. पण याच अंबड तालुक्याच्या दक्षिण बाजूने गोदावरी वाहते, आणि वरच्या अंगाला पैठणचं नाथसागर धरण आहे. जिथे पाणी तिथे मासेमारी, आणि फेकायच्या जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या लागतातच. बऱ्याच ठिकाणी या गोळ्या आजही चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवून ओततात. आता ऑनलाईन इलेक्ट्रिक मेल्टिंग पॉट मिळतात. तो घ्यायचा तर नेमकं काय बघायचं? चला, समजून घेऊया.

आधी कायद्याचं बोलू

सर्च केलं की यातले बरेच परदेशी पॉट बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी विकलेले दिसतात. भारतात शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 7 वर्षं कैद आहे. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही या कायद्याच्या व्याख्येत येतात. त्यामुळे तसले साचे मागवू नका. हा लेख फक्त जाळ्याच्या आणि गळाच्या वजनांबद्दल आहे.

पॉट घेताना या 5 गोष्टी बघा

1. तापमान कंट्रोल: सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. ओतायला 350 ते 400 अंश पुरे होतात. त्याच्या वर जितकं तापवाल तितका धूर आणि राखेसारखी मळी जास्त. ज्या पॉटला फक्त चालू-बंद बटण आहे तो स्वस्त असला तरी घेऊ नका. थर्मोस्टॅट हवाच, डिजिटल पीआयडी कंट्रोलर असेल तर उत्तम. तापमान तपासायला के-टाईप थर्मोकपल वापरा. लांबून मोजायची इन्फ्रारेड गन चकचकीत धातूवर चुकीचा आकडा दाखवते.

2. व्होल्टेज: अमेरिकेसाठी बनलेले पॉट 110-120 व्होल्टचे असतात. 110 व्होल्टचा पॉट आपल्या 230 व्होल्टला लावला तर चौपटीहून जास्त पॉवर खेचतो आणि कॉइल जळते. म्हणून लेबलवर 220-240 व्होल्ट लिहिलंय का ते बघूनच ऑर्डर करा. उलटा प्रकारही होतो. गावात लाईट 180 व्होल्टवर आली की 500 वॉटचा पॉट जेमतेम 300 वॉटचं काम करतो. मग शिसं वितळायला वेळ लागतो. तो पॉटचा दोष नाही.

3. क्षमता आणि वॉट: शिसं खूप जड असतं. 1 किलो शिसं 90 मिलीपेक्षाही कमी जागेत, म्हणजे अर्ध्या कप चहापेक्षा थोडं जास्त जागेत मावतं. म्हणून पॉट दिसायला लहान वाटला तरी फसू नका. घरच्या जाळ्यासाठी 2 ते 4 किलोचा पुरतो. 4 किलो शिसं 500 वॉटवर हिशोबाने 8-9 मिनिटांत वितळायला हवं, पण उष्णता बाहेर जाते म्हणून दुप्पट-अडीचपट वेळ धरा.

4. पळी की खालचा नळ: काही पॉटना खाली नळ असतो, दांडी उचलली की शिसं थेट साच्यात पडतं. काम पटपट होतं, पण नळात मळी अडकली की तो थेंब थेंब गळत राहतो. पहिल्यांदा घेत असाल तर पळीने ओतायचा साधा पॉट बरा.

5. अर्थिंग आणि बूड: बॉडी धातूची असल्यामुळे तीन पिनांचा प्लग हवा, आणि घरातल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. पॉटचं बूड रुंद आणि जड हवं. वायरला पाय अडकून पॉट कलंडला तर काय होईल, याचा विचार करून तो ठेवा.

पॉट चांगला आहे, मग धोका संपला का?

नाही. चांगला पॉट धूर कमी करतो, शिशाचं विष नाही. शिसं मुख्यतः हाताला, कपड्याला लागलेल्या बारीक धुळीतून पोटात जातं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगात सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्याइतकं आहे. त्यातली साधारण 27 कोटी मुलं भारतातली आहेत.

म्हणून हे नियम पाळा:

- स्वयंपाकघरात किंवा बंद खोलीत कधीच नाही. उघड्या शेडमध्ये, वाऱ्याकडे पाठ करून काम करा. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही.
- लहान मुलं आणि गरोदर बाई जवळपास नको.
- पाण्याचा एक थेंबही वितळलेल्या शिशात पडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं उडतं. साचा, पळी आणि नवीन टाकायचे तुकडे पूर्ण कोरडे हवेत. पावसात काम बंद.
- चष्मा, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि बूट घाला.
- काम झाल्यावर साबणाने हात-तोंड धुवा, कपडे वेगळे धुवा. त्याआधी चहा-तंबाखू नाही.
- ती पळी, तो पॉट पुन्हा खाण्याच्या कामाला वापरायचा नाही. मळी डब्यात बंद करून भंगारातल्या शिशासोबत द्या, उकिरड्यावर टाकू नका.

जुनी बॅटरी फोडून शिसं काढू का?

अजिबात नाही. त्यात ॲसिड असतं आणि वितळवताना विषारी वायू निघू शकतात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता ती गोळा किंवा रिसायकल करणाऱ्यांकडे द्यायची असते.

मग घ्यायचा का?

वर्षातून एखादं जाळं भरायचं असेल तर तयार गोळ्या विकत घेणंच स्वस्त आणि सुरक्षित. लोखंडाची किंवा भाजलेल्या मातीची वजनंही चालतात, फक्त शिशाएवढ्या वजनाला ती आकाराने मोठी होतात. नेहमीचं काम असेल, उघडी शेड असेल आणि पोरंबाळं लांब ठेवता येत असतील, तरच पॉट घ्या. आणि घेताना पैसे क्षमतेवर नाही, थर्मोस्टॅटवर खर्च करा.