लहान जहाजाची साक्ष

काचेच्या पेटीत ठेवलेले हातभर लांबीचे जहाज दिसले, की पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार खेळण्याचाच येतो. डोलकाठ्या, शिडे, दोर, तोफांच्या खिडक्या, सारे कसे हुबेहूब! त्या हुबेहूबपणाचे कौतुक करून माणूस पुढच्या दालनाकडे वळतो. परंतु इतिहासात ज्यांनी अशी लहान जहाजे घडविली, त्यांपैकी पुष्कळांनी ती खेळण्यासाठी घडविली नव्हती. कोणी नवस फेडण्यासाठी घडविली, कोणी विद्यार्थ्याला शिकविण्यासाठी, कोणी पोटासाठी, तर कोणी शेकडो खलाशांचे प्राण वाचावेत म्हणून. मोठे जहाज बुडते, जळते, कुजते किंवा मोडीत निघते. त्याच्यामागे उरते ते लहान जहाज. त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून न पाहता साक्षीदार म्हणून पाहिले, तर ते पुष्कळ काही सांगते.

ही कला फार जुनी आहे. 1920 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या मोहिमेला हर्बर्ट विनलॉक यांच्या देखरेखीखाली ईजिप्तमधील थीब्ज येथे मेकेत्रे नावाच्या सरदाराच्या थडग्यात लाकडी प्रतिकृतींचे एक दालन सापडले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या प्रतिकृतींत अनेक नौका होत्या. विशेष असे, की त्या रिकाम्या नव्हत्या. वल्ही मारणारे नावाडी होते, छताखाली बसलेला धनी होता, आणि मागून येणाऱ्या स्वयंपाकाच्या नौकेवर आचारीही आपल्या कामात होते. माणसांवाचून नौका पुरी होत नाही, हे त्या अनाम कारागिरांना पक्के ठाऊक होते.

ख्रिस्ती युरोपात लहान जहाज देवळात आले ते नवसाच्या वाटेने. वादळातून वाचलेला नाविक किनाऱ्याला लागला, की आपल्या तारवाची प्रतिकृती करून ती चॅपेलच्या छताला टांगीत असे. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या पायांशी मेणाचे हात, पाय, घर वाहणारे भाविक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या रिवाजातील भाव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. जे संकटात होते आणि जे वाचले, त्याचे रूप करून ते देवापुढे ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

स्पेनमधील कॅटलोनियात मातारो नावाचे गाव आहे. तेथील संत सायमनच्या लहानशा देवळात पंधराव्या शतकातील असेच एक तारू होते. विसाव्या शतकात ते विकले गेले आणि आता ते हॉलंडमधील रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. लांबीच्या मानाने ते फार फुगीर आहे. प्रमाणाच्या दृष्टीने त्याला अचूक म्हणता येणार नाही. तरीही विद्वानांनी ते पुन्हापुन्हा तपासले, याचे कारण असे, की त्या काळचे जहाजबांधणीकार कागदावर आराखडे काढीत नसत. त्यांची विद्या हातात व डोळ्यांत असे आणि गुरूकडून शिष्याकडे जाई. कोलंबसाच्या पिढीतील तारवांचे मूळ आराखडे त्यामुळेच आज मिळत नाहीत. फळ्या एकमेकींना कशा भिडविल्या, तुळया कूसातून बाहेर कशा काढल्या, हे मातारोच्या कारागिराने मात्र प्रामाणिकपणे दाखविले आहे. त्याला इतिहास लिहावयाचा नव्हता, देवाचे ऋण फेडावयाचे होते. देवापुढे ठेवावयाच्या वस्तूत खोटेपणा नको, या भावनेने इतिहासाचेही काम करून ठेवले.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रतिकृतीला वेगळे काम मिळाले. आरमारी मंडळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या काळच्या प्रतिकृती ग्रिनिचच्या संग्रहालयात आजही आहेत. त्यांपैकी पुष्कळांचे प्रमाण एका फुटाला पाव इंच, म्हणजे 1:48 असे आहे. 180 फुटांचे जहाज 45 इंचांत बसते आणि सहा फुटी खलाशी दीड इंचाचा होतो. या प्रतिकृतींचे वैशिष्ट्य असे, की पाण्याखालच्या भागावर फळ्या ठोकलेल्या नसतात. जहाजाच्या फासळ्या उघड्या दिसतात. वरचे सोनेरी नक्षीकाम पाहून डोळा दिपतो, आणि खालचा सांगाडा पाहून जहाज उभे कशावर राहते ते कळते.

या प्रतिकृतींचे मोल ज्याने ओळखले, तो सॅम्युएल पेपिस 1660 साली आरमारी मंडळाचा चिटणीस झाला, तेव्हा त्याला जहाजातले काहीही कळत नव्हते. केंब्रिजची पदवी होती. परंतु पाढे येत नव्हते! जुलै 1662 मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने ‘रॉयल चार्ल्स’ जहाजावरील कूपर नावाच्या दर्यावर्द्याला गुरू केले आणि गुणाकाराच्या पाढ्यांपासून सुरुवात केली. पाढे झाल्यावर धडा सुरू झाला तो जहाजाच्या प्रतिकृतीवर. हा कोणता दोर, ही कोणती तुळई, हिचे काम काय, असे एकेक नाव कूपर सांगे आणि चिटणीसमहाशय शिष्याप्रमाणे ते पाठ करीत. या साऱ्या गोष्टी पेपिसने आपल्या रोजनिशीत संकोच न करता नोंदविल्या आहेत.

हा एका हौशी गृहस्थाचा छंद नव्हता. लाकूड, दोर, डांबर पुरविणारे व्यापारी राजाच्या तिजोरीला सर्रास लुबाडीत होते, आणि ज्याला वस्तूचे नावही ठाऊक नाही त्याला फसविणे सोपे असते. वुलिचच्या गोदीतील अँथनी डीन या तरुण कारागिराने लाकडाच्या मोजणीतील लबाडी पेपिसला उलगडून दाखविली, आणि पुढे एक सुंदर प्रतिकृतीही करून दिली. पेपिस इंग्लंडच्या आरमाराचा मोठा सुधारक ठरला, त्याच्या मुळाशी हे धडे होते. अज्ञान कबूल करून दीड-दोन हात लांबीच्या जहाजापुढे बसण्याची लाज त्याने धरली नाही, म्हणूनच पुढे मोठ्या जहाजांचा कारभार त्याला पेलला.

शिक्षकाच्या हातातून हीच वस्तू दीडशे वर्षांनी कैद्याच्या हातात गेली. नेपोलियनच्या युद्धांत हजारो फ्रेंच खलाशी व सैनिक इंग्रजांच्या हाती सापडले. त्यांच्यासाठी 1797 साली पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस येथे लाकडी बराकींची प्रचंड छावणी उभारण्यात आली. काहींनी तेथे वर्षानुवर्षे काढली. रोगराईने सतराशेंहून अधिक कैदी तेथेच मरण पावले. सक्तीच्या लष्करभरतीमुळे या कैद्यांत सुतार होते, हाडांवर व हस्तिदंतावर कोरीव काम करणारे होते. त्यांना मिळणाऱ्या शिध्यात मांस असे. मांस संपले की हाडे उरत. ती हाडे उकळून, घासून पांढरी करावयाची, त्यांच्या चिंचोळ्या पट्ट्या कापावयाच्या आणि एकेक पट्टी लाकडी सांगाड्यावर बारीक खिळ्यांनी बसवावयाची. दोरखंडांसाठी केस किंवा रेशीम, तोफांसाठी पितळ. काही जहाजांत मागच्या बाजूला लोंबणारा दोरा ओढला, की साऱ्या तोफा एकदम आत जात आणि सोडला की बाहेर येत.

छावणीच्या दाराशी बाजार भरे आणि आसपासचे इंग्रज या वस्तू विकत घेत. गवताच्या वेण्या विणून विकण्यास कैद्यांना मनाई होती, कारण त्यामुळे स्थानिक गरिबांचा धंदा बुडे. हाडांच्या कामाला मात्र मोकळीक होती. गिऱ्हाईक इंग्रज म्हटल्यावर जहाजाला पुष्कळदा इंग्रजी युद्धनौकेचेच नाव द्यावे लागे. ज्या आरमाराने आपल्याला बंदीत टाकले, त्याच आरमाराचे वैभव आपल्या ताटातल्या हाडांतून कोरून विकावयाचे, आणि त्या पैशांतून थोडे अधिक अन्न किंवा एखादा गरम कपडा घ्यावयाचा! कैद्यांजवळ आराखडे नव्हते. ती जहाजे बहुतेक आठवणीवरूनच केलेली असल्यामुळे त्यांच्या डोलकाठ्या खऱ्यापेक्षा उंच आणि तोफा मोठ्या झालेल्या दिसतात. मोजमापाच्या दृष्टीने ही साक्ष कच्ची आहे, परंतु माणसाच्या दृष्टीने हिच्याइतकी पक्की साक्ष दुसरी नाही. 1814 मध्ये कैदी सुटले, पुढे बराकीही पाडल्या गेल्या. राहिली ती हाडांची जहाजे. त्यांचा मोठा संग्रह पीटरबरोच्या संग्रहालयात आहे, आणि बहुतेकांवर कर्त्याचे नाव नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजे लोखंडाची झाली, वाफेवर चालू लागली आणि जुन्या कारागिरांचा अंदाज अपुरा पडू लागला. त्याची किंमत ‘कॅप्टन’ या युद्धनौकेने दिली. कॅप्टन कोल्स या अधिकाऱ्याच्या कल्पनेप्रमाणे फिरत्या बुरुजांत अवजड तोफा बसविलेली आणि वर उंच शिडे उभारलेली ही नौका लोकमताच्या व वृत्तपत्रांच्या आग्रहाने बांधली गेली. आरमाराचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांचा तिला विरोध होता. बांधताना वजन वाढले आणि पाण्यावर आठ फूट राहावयाची तिची कड साडेसहा फुटांवर आली. नौका किती कलली तर उलटेल, याची परीक्षा झाली. परंतु तिचा हिशेब पुरा होण्यापूर्वीच ती सफरीवर निघून गेली. 1870 सालच्या 6 आणि 7 सप्टेंबरच्या मधल्या रात्री स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळात ती उलटली. पावणेपाचशेच्या आसपास माणसे बुडाली. वाचली ती वीसहून कमी. बुडालेल्यांत स्वतः कोल्स होता.

त्याच सुमारास टॉर्की येथे विल्यम फ्रूड हा इंजिनियर मेणाची जहाजे करीत होता. लहान प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाचे वर्तन कळणे शक्य नाही, असे तेव्हाचे मोठमोठे जाणकार म्हणत. फ्रूडने दाखविले, की शक्य आहे, मात्र वेगाचे प्रमाण बरोबर धरले पाहिजे. जहाजाची लांबी सोळापट कमी केली, तर वेग सोळापट नव्हे, चारपट कमी करावयाचा. मग लहान जहाज आपल्याभोवती ज्या लाटा उठविते, त्या मोठ्या जहाजाच्या लाटांसारख्याच असतात. 1871 मध्ये ‘ग्रेहाऊंड’ ही खरी युद्धनौका दोराने ओढून तिचे आकडे प्रतिकृतीच्या आकड्यांशी ताडून पाहिले, तेव्हा त्याचे म्हणणे खरे ठरले. 1872 साली त्याच्या घराजवळ 278 फूट लांबीचा पाण्याचा हौद सुरू झाला. प्रयोग संपला, की मेण वितळवून दुसरे जहाज करावयाचे. नवसाच्या मेणात माणूस संकट टळल्यावर आभार मानतो. फ्रूडच्या मेणाने संकट येण्याआधीच त्याची चौकशी केली. आज जगात कोठेही मोठे जहाज किंवा पाणबुडी बांधावयाची, तर तिची प्रतिकृती अशा हौदातून ओढून पाहण्याची पद्धत आहे.

विसाव्या शतकात ही कला घरोघरी पोहोचली. 1971 साली जपानी कारखान्यांनी 1:700 प्रमाणाच्या युद्धनौकांची मालिका सुरू केली आणि प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून नौका उभी करण्याचा छंद जगभर पसरला. 1:350 या प्रमाणात सहा फुटी माणूस जेमतेम सव्वापाच मिलिमीटर उंच होतो. तेवढ्या खलाशाला गणवेशाचा रंग देण्यासाठी रात्र घालविणाऱ्या माणसाला लोक हसतात. परंतु त्या खलाशाशिवाय नौकेचा आकार डोळ्यांना कळत नाही. तो उभा राहिला, की तोफ केवढी आणि समुद्र केवढा हे एकदम उमगते. मेकेत्रेच्या कारागिराने केले तेच हा छंदिष्ट करीत असतो.

1971 हे वर्ष आपल्या आरमाराच्या स्मरणात वेगळ्या कारणाने कोरलेले आहे. त्या वर्षीच्या युद्धात 9 डिसेंबरच्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने भारतीय युद्धनौका ‘खुकरी’ बुडविली. 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. ते तिच्याबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. 1961 साली गोव्याबरोबरच पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेल्या त्या दीवमध्ये, समुद्रासमोरच्या टेकडीवर, आज ‘खुकरी’चे स्मारक आहे. तेथे समाधी नाही, कारण देह समुद्राजवळ आहेत. काचेच्या घरात ‘खुकरी’ची प्रतिकृती आहे, आणि तिच्या पलीकडे ती जेथे गेली तो समुद्र.

दीवला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले त्या काचेला नाक लावून उभी राहतात आणि साहजिकच विचारतात, की हे काय, ते काय. ‘जहाज आहे, चल पुढे’ असे उत्तर देणे सोपे असते. परंतु कूपरने पेपिसला दिले तसे उत्तर देता आले, तर अधिक बरे. ही डोलकाठी, ही तोफ, येथे कप्तान उभा राहतो, येथे खाली इंजिनापाशी माणसे काम करतात, आणि ती माणसे अमुक रात्री परत आली नाहीत. एवढे सांगण्यापुरते तरी मोठ्यांना ठाऊक असावे.