ठसा, कागद आणि कात्री

भिलाई म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे पोलादाचा कारखाना उभा राहतो. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि दुर्ग जिल्ह्यातील एक साधे खेडे देशाच्या नकाशावर ठळक झाले. परंतु त्या धुराड्यांच्या भोवतीच्या मुलखात दिवाळीच्या सुमारास छपाईचा एक फार जुना उद्योग चालतो. राऊत स्त्रिया गुरांच्या मालकांच्या घरी जाऊन भिंतीवर ‘हाथा’ काढतात. साधन काय, तर स्वतःचे तळवे आणि बोटे. आपल्याकडे गृहिणी तांदळाच्या पिठात मूठ बुडवून लक्ष्मीची पाउले उमटविते, त्याच जातीचे हे काम. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते खरे. पण म्हणून ही चाल तिकडून इकडे गेली, असे काही मी म्हणणार नाही. तळहात सर्वांनाच असतो.

भिंतीवरचा ठसा पुढच्या सारवणाखाली जातो, कागदावरचा उरतो. भेंडी आडवी कापून रंगात बुडविली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते, हे शाळेतल्या कोणत्याही मुलास ठाऊक असते. असे ठशांचे कागद फाडून, कातरून, खळीने चिकटविले की चित्र होते. त्याला आपण ‘कोलाज’ म्हणतो. शब्द फ्रेंच, अर्थ निव्वळ ‘चिकटविणे’. आणि शब्द फ्रेंच असल्यामुळे कलाही फ्रेंच, असा समज आपल्याकडे रूढ झाला. तो तपासून पाहावयास हवा.

त्यासाठी विजापुरास जावे लागेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कारकीर्द १५८० ते १६२७ अशी झाली. तिच्या अखेरच्या काळात दख्खनेत ‘अबरी’ कागद ऐन बहरात होता. फारसीत अब्र म्हणजे ढग; अबरी म्हणजे ढगाळ. पसरट भांड्यात मेथीचे किंवा डिंकाचे दाटसर पाणी घ्यावयाचे. होय, आपल्या स्वयंपाकघरातलीच मेथी. त्यावर रंगाचे थेंब शिंपडावयाचे. ते बुडत नाहीत, पसरतात. काडीने किंवा फणीने त्यांना वळणे द्यावयाची आणि तुरटीच्या पाण्यातून काढून वाळविलेला कागद अलगद वर टेकवावयाचा. उचलला की पाण्यावरचे सारे नक्षीकाम कागदावर आलेले असते. प्रत्येक कागद एकुलता एक. तोच ढग पुन्हा कधी येत नाही. फणीने काढलेल्या बारीक वळणांचे श्रेय इराणातून भारतात आलेल्या मुहम्मद ताहिर या कारागिराला देतात.

विजापूरच्या चितारी मंडळींनी या कागदाशी खेळ मांडला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात सुमारे १६२५ चे एक चित्र आहे: हाडे निघालेला घोडा आणि त्याच्यावर तसाच कृश स्वार. आकृतीच्या आत अबरीची वळणे आहेत. हे कसे साधले असेल? अभ्यासकांचा तर्क असा की आकृतीचा साचा कागदातून कातरला जाई आणि जो भाग कोरा राहावयास हवा त्यावर डिंक फासला जाई. तेथे रंग धरत नसे. म्हणजे ठसा, कात्री आणि डिंक ही तिन्ही साधने तेथे हजर होती.

त्याहून बोलका पुरावा एका शब्दात आहे. चित्रे, सुलेखनाचे तुकडे आणि रंगीत किनारी एकत्र चिकटवून जी चित्रपोथी तयार होई तिला ‘मुरक्का’ म्हणत. मुरक्का म्हणजे ठिगळे लावलेला. सूफी फकिराच्या गोधडीसारख्या अंगरख्यालाही हेच नाव होते. बादशहाच्या ग्रंथालयातली सर्वांत देखणी वस्तू फकिराच्या गोधडीचे नाव मिरवीत होती!

मग पॅरिसने काय केले? १९१२ च्या सप्टेंबरात जॉर्ज ब्राकने ओकच्या लाकडासारखा छापलेला भिंतीचा कागद दुकानातून विकत आणला आणि त्याचे तुकडे चित्रात चिकटविले. त्याच वर्षी, त्याच्या थोडे आधी, पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चित्रात बसविले होते. मुरक्क्याचा कारागीर सांधा लपवीत असे. किनार इतकी बेमालूम बसवी की बोट फिरविले तरी कळू नये. या दोघांनी सांधा उघडा ठेवला. नवे होते ते एवढेच, पण ते लहान नव्हते. केवळ आपला मुरक्का जुना म्हणून त्यांचे श्रेय नाकारणे मला अप्रामाणिक वाटते. मातिसने पुढे आपले कागद रंगवूनच घेतले आणि मग कातरले. १९४७ चे ‘जाझ’ हे पुस्तक त्यातून झाले.

आपल्याकडे मात्र या कलेने वेगळीच कसोटी पाहिली. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी बालपणापासून अधू होती. १९५७ साली शस्त्रक्रिया झाली आणि उरलीसुरली नजरही गेली. चित्रकाराचे आयुष्य येथे संपावयाचे. त्यांनी कागद हाती घेतला. रंगीत कागद कातरावयाचे, कडा बोटांनी चाचपावयाच्या, तुकड्याशेजारी तुकडा ठेवून जागा ठरवावयाची. रंगाच्या कुंचल्याला बोट लावून रेषा कळत नाही. कागदाची कड मात्र बोटाला कळते. सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला. तोवर अंध झालेल्या या चितार्‍याला कातरकामाच्या सोबतीने पंधरा वर्षे लोटली होती. पुढे १९८० साली ते वारले.